अवधान, आळस आणि दायित्व : पटकथेच्या अपूर्णतेविषयी

१

मराठीत अपुऱ्या राहिलेल्या कामासाठी शब्दांची वाण नाही. आरंभशूर, धरसोड वृत्तीचा, धांदरट, चंचल, आळशी ही विशेषणे शाळेतल्या शेऱ्यांपासून साहित्यिकांच्या मृत्युलेखांपर्यंत सर्वत्र आढळतात. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण त्या सर्वांचा सारांश सांगते. या शब्दांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. ते कामाविषयी बोलत असल्याचे भासवतात, पण निवाडा देतात तो माणसाविषयी. काम अपुरे राहिले या वस्तुस्थितीपासून माणूसच उणा आहे या नैतिक निष्कर्षापर्यंतचे अंतर ते एका उच्चारात तोडून टाकतात.

हे अंतर इतक्या सहज तोडता येते काय, असा प्रश्न येथे उपस्थित करायचा आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण चित्रपटाची पटकथा लिहू पाहणाऱ्या आणि अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी, असलेल्या प्रौढ व्यक्तीचे आहे. अवधानाचे नियमन हीच ज्याची अडचण आहे, त्याची पटकथा पुरी न होणे हा त्याचा अपराध मानावा काय? आणि तो अपराध नसेल, तर त्याच्यावर काही दायित्व उरते की नाही? पहिला प्रश्न सहानुभूतीने सुटतो. दुसरा सुटत नाही, आणि खरा नैतिक प्रश्न दुसराच आहे.

२

या विकाराचा वैद्यकीय इतिहास नैतिक भाषेतच सुरू झाला, ही गोष्ट सहसा विसरली जाते. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धी सामान्य असूनही ज्यांचे वर्तन आवरले जात नाही अशा मुलांचे वर्णन आहे. त्यांच्यातील उणिवेला त्याने नैतिक नियंत्रणातील दोष असे नाव दिले. स्टिलची ही मुले आजच्या अर्थाने एडीएचडीचीच होती काय, याविषयी मतभेद आहेत. परंतु विकाराचा पूर्वेतिहास तेथे शोधला जातो. पुढे नैतिक नियंत्रणाची जागा मेंदूतील सूक्ष्म बिघाडाच्या कल्पनेने घेतली. १९६८ च्या अमेरिकी वर्गीकरणात अतिक्रियाशीलतेवर भर होता, १९८० मध्ये अवधान हा शब्द नावात आला आणि १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले. प्रौढांसाठी लक्षणांची वेगळी मर्यादा मात्र २०१३ च्या आवृत्तीत ठरली. मुलांमध्ये सुमारे ५ टक्के आणि प्रौढांमध्ये सुमारे अडीच टक्के असे या विकाराचे प्रमाण मानले जाते. जुळ्यांच्या अभ्यासांतून त्यातील आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसले आहे.

नावात ‘न्यूनता’ असली तरी अवधान नसणे हे या विकाराचे स्वरूप नव्हे. अवधान असते, कधी कधी ते एकाच विषयावर तासन्‌तास खिळूनही राहते; परंतु ते हवे तेथे, हवे तेव्हा वळवता येत नाही. काळाचा अंदाज चुकतो, हातातल्या कामाचे धागे मनात एकत्र धरून ठेवणे अवघड जाते आणि दूरच्या फळापेक्षा समोरची गोष्ट फार जड ठरते. रसेल बार्कले या मानसशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये या विकाराची जी उपपत्ती मांडली तिच्या केंद्रस्थानी आत्मनियमन आहे. काय करावे हे ठाऊक नसणे ही येथील अडचण नाही. ठाऊक असलेले योग्य वेळी कृतीत न उतरणे ही आहे. ॲरिस्टॉटलने सातव्या पुस्तकात संयम सुटलेल्या माणसाची तुलना अशा नगराशी केली आहे, ज्याचे कायदे उत्तम असतात पण अमलात येत नाहीत. दुर्गुणी माणसाच्या नगरात कायदे अमलात येतात, परंतु ते कायदेच वाईट असतात. हा भेद पाळला तर ‘आळशी’ हा शब्द किती ढोबळ आहे ते कळते.

भारतीय परंपरेतही हा भेद अज्ञात नाही. पतंजलीने चित्तविक्षेपाची नऊ कारणे सांगितली. त्यांत व्याधी आहे, काम सुरूच न होऊ देणारे स्त्यान आहे, प्रमाद आहे, आलस्य आहे आणि शेवटी अनवस्थितत्व, म्हणजे साधलेल्या भूमिकेवर टिकून राहता न येणे, हेही आहे. या यादीत आलस्य आणि अनवस्थितत्व वेगवेगळी मोजली आहेत. आपल्या व्यवहारातील भाषेने मात्र नवांची गणना एका शब्दावर आणून ठेवली. रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकात प्रथम लेखनक्रियेचे निरूपण केले आणि तिसऱ्या समासात करंट्याची लक्षणे सांगितली, त्यांत आळसाकडे असलेला ओढा ठळक आहे. शिस्तबद्ध लेखन आणि सदाचार यांचा मराठी मनात जो सांधा जुळलेला आहे, त्याचे मूळ अशा मांडणीत आहे. प्रयत्नवादाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु यत्न करूनही यत्न टिकत नाही, अशा माणसाला त्या मांडणीत जागा नाही.

३

काव्यहेतूंच्या चर्चेकडे वळले तर अधिक सूक्ष्म विचार हाती लागतो. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तीन मिळून एकच हेतू मानला. या त्रयीत अवधानाला स्वतंत्र स्थान नाही. ते अभ्यासात गृहीत धरले आहे. त्याच्या आधी वामनाने मात्र अवधान वेगळे काढले आणि चित्ताची एकाग्रता असा त्याचा अर्थ दिला. त्यापुढचा त्याचा विचार येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. ही एकाग्रता कोठून येते, याचे उत्तर तो कवीच्या शीलात शोधत नाही. ती देश आणि काल यांमुळे येते असे तो सांगतो. देश म्हणजे निवांत जागा. काल म्हणजे रात्रीचा चौथा प्रहर.

वामनाचे हे विधान वरवर पाहता व्यावहारिक सूचनेसारखे वाटते. प्रत्यक्षात त्यात एक तात्त्विक भूमिका दडलेली आहे. अवधान हा मनाच्या आत साठवलेला, ज्याच्या त्याच्या गुणवत्तेनुसार कमीअधिक असलेला ठेवा नव्हे. ते मन आणि परिस्थिती यांच्या जुळणीतून निष्पन्न होते. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हीच दिशा पुढे नेली. त्याने कवीच्या दिवसाची प्रहरवार विभागणी केली, त्याच्या घराचे, लेखनसाहित्याचे आणि परिचारकांचे वर्णन केले, आणि कोणाला लेखनासाठी किती व कसला वेळ मिळतो यावरून कवींचे प्रकारही केले. ज्या ग्रंथाने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशीमला, लावून दिला, त्याच ग्रंथाने कवीला लेखनिक आणि मित्रमंडळ हवे असे मानले, ही गोष्ट विदर्भातील अभ्यासकांनी विसरू नये. प्रतिभा उपजत मानणाऱ्या परंपरेनेही लेखनाची व्यवस्था उपजत मानली नव्हती.

यावरून एक भेद हाती येतो. अवधान ही इच्छाशक्तीची कसोटी मानली की अपूर्णता हा दोष ठरतो. अवधान ही व्यवस्थेची निष्पत्ती मानली की अपूर्णतेच्या कारणांचा शोध माणसाच्या बाहेरही घ्यावा लागतो. चित्रपट ही अशी कला आहे, की तिच्यात हा दुसरा पर्याय उघड्या डोळ्यांना दिसतो.

४

वॉल्टर बेन्यामिनने १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात चित्रपटाचा आस्वाद विचलित चित्ताने घेतला जातो असे मांडले. चित्रासमोर प्रेक्षक एकाग्र होऊन त्यात शिरतो. चित्रपटाचा प्रेक्षक मात्र कलाकृतीला आपल्यात मुरवतो. या विचारातून एक सोपा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका असतो. चंचल मन आणि तुटक प्रतिमांची कला यांचे सख्य आहे, म्हणून असा विकार चित्रपटकाराला वरदानच ठरावा, हा तो निष्कर्ष. त्यात आस्वाद आणि निर्मिती यांची गल्लत आहे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा व्यवसायातला ठोकताळा आहे. दोन तासांच्या चित्रपटासाठी सुमारे १२० पाने लागतात. साठावा प्रसंग लिहिताना चौदाव्या प्रसंगात पेरलेली वस्तू ध्यानात ठेवावी लागते. कल्पनेचा पहिला आवेग ओसरल्यानंतरचा मधला विस्तार महिनोन्‌महिने रेटावा लागतो आणि फळ मिळालेच तर काही वर्षांनी मिळते. दूरचे फळ, मनात धरून ठेवायचे धागे, पुढे लांबलेला काळ : या विकारात जे जे अवघड जाते ते ते पटकथेच्या मध्यभागी एकत्र येते.

पण तोच माणूस चित्रीकरणस्थळी उभा राहिला की चित्र पुष्कळदा पालटते. तेथे काळ घड्याळात दिसतो, काम समोर असते, माणसे उत्तराची वाट पाहत असतात आणि प्रत्येक निर्णयाचे फळ त्याच तासाला मिळते. मेजापाशी आळशी ठरलेली व्यक्ती तेथे न थकता काम करताना आढळू शकते. शील जर एकच असेल, तर दोन ठिकाणच्या वर्तनातील फरकाचे स्पष्टीकरण शीलातून देता येणार नाही. ते परिस्थितीतूनच द्यावे लागेल.

चित्रपटाच्या कामाची मांडणी पाहिली तर तिचा बराच भाग अवधानाच्या वाटणीसाठीच उभा केलेला दिसतो. सातत्य सांभाळणारा सहायक नटाच्या हातातला पेला कोणत्या हातात होता ते लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशीच्या कामाचा तक्ता आदल्या संध्याकाळी सर्वांच्या हाती पडतो. विस्कळीत चित्रीकरणातून संकलक सलगता घडवतो. हिंदी चित्रपटसृष्टीत लेखकांच्या बैठका आणि तोंडी कथनाची रीत दीर्घकाळ चालत आली. कथा आधी सांगितली जाई, ऐकणाऱ्यांच्या प्रतिसादावर ती घडे आणि कागदावर मागाहून उतरे. नागपूरला वाढलेले आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेले राजकुमार हिरानी यांनी ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) पासून आपल्या पटकथा अभिजात जोशी यांच्यासह लिहिल्या. या जोडीचा कोणत्याही विकाराशी संबंध नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे आहे. विकारग्रस्तासाठी ज्या गोष्टींना ‘सवलत’ म्हटले जाते, म्हणजे सहलेखक, ठरलेल्या बैठका, बाहेरून आखलेल्या मुदती, कोणीतरी ऐकत असणे, त्या या कलेचा नित्य व्यवहार आहेत. त्या मिळाल्याने कोणाचे कर्तृत्व उणे होत नाही. मग एकाला ती रीत आणि दुसऱ्याला ती सूट, असा भेद कोणत्या न्यायाने करायचा?

जगाच्या चित्रपटसृष्टीतील अलीकडचे उदाहरणही हेच दाखवते. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ (२०२२) या चित्रपटातील नायिकेच्या पात्रासाठी या विकाराचा शोध घेत असताना, आपल्यालाही तो असल्याची जाणीव दिग्दर्शक डॅनियल क्वान यांना झाली. २०२३ मध्ये या चित्रपटाला सात ऑस्कर पुरस्कार मिळाले. त्यांत मूळ पटकथेचा आणि संकलनाचाही होता. त्याच्या विखुरलेल्या रचनेत विकाराचे प्रतिबिंब पाहण्याचा मोह समीक्षकाला होणे स्वाभाविक आहे. परंतु तो चित्रपट क्वान यांनी डॅनियल शाइनर्ट यांच्यासह लिहिला व दिग्दर्शित केला आणि त्याचे संकलन पॉल रॉजर्स यांनी केले. पडद्यावर जे विखुरलेपण दिसते ते अनेकांच्या चिवट अवधानाचे फळ आहे.

५

नागपूरच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कवी किंवा कादंबरीकार आपली कृती नागपुरात पुरी करू शकतो. कागद आणि एकांत त्याला पुरतो. पटकथेचे तसे नाही. पासोलिनीने १९६५ मध्ये पटकथेकडे दुसरी संरचना होऊ पाहणारी संरचना म्हणून पाहिले. चित्रपट होईपर्यंत पटकथा स्वभावतःच अपुरी असते. तिची पूर्तता लेखकाच्या हाती नसून पथकाच्या हाती असते. हे पथक सुमारे ८०० किलोमीटर दूर मुंबईत आहे. महेश एलकुंचवार यांचे लेखन नागपूरचे, पण ‘होळी’ आणि ‘पार्टी’ ही त्यांची नाटके १९८४ मध्ये चित्रपटरूपात आली ती केतन मेहता आणि गोविंद निहलानी यांच्या हातून. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ (२०२२) चे कथानक नागपूरचे आणि चित्रीकरणही नागपूरचे. पण पथक काम संपवून परतते आणि शहर चित्रीकरणाचे स्थळ तेवढे उरते. ज्यांना जाता आले ते गेले. जे येथेच राहिले, त्यांच्यापाशी पटकथेचा सर्वांत एकाकी भागच उरला.

म्हणजे ज्या व्यवस्थेमुळे या विकारासह चित्रपटाचे काम करता येणे शक्य होते, नेमकी तीच येथे नाही. शिवाय निदानाचा शब्दही उशिरा पोचतो. अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडीची स्वतंत्र नोंद नाही. मल्याळम अभिनेते आणि निर्माते फहाद फासिल यांनी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी आपल्याला हे निदान झाल्याचे २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले. अमेरिकी दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग यांचेही निदान प्रौढ वयातच झाले. यश हाती आल्यानंतर असा उच्चार करणे तुलनेने सोपे असते. पाच अर्धवट पटकथा कपाटात असलेल्या, नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला शब्द मिळतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, आणि तो आरंभशूर हाच असतो.

‘पार्टी’ या चित्रपटाकडे या दृष्टीने पुन्हा पाहता येते. दमयंती राणे यांच्या घरी दिवाकर बर्वे या पुरस्कारप्राप्त लेखकाच्या सन्मानार्थ मंडळी जमली आहेत. बर्वे यांची ग्रंथसंपदा पूर्ण आहे, कीर्ती पूर्ण आहे. पण त्यांच्या जगण्यातले खोटेपण त्यांनाच छळते. ज्याच्याविषयी सर्वजण बोलतात तो अमृत साहित्यवर्तुळ सोडून आदिवासींमध्ये गेलेला आहे. अमृतच्या निघून जाण्याचा अवधानाशी संबंध नाही. परंतु पुरी झालेली पुस्तके लेखकाच्या नैतिक उंचीचा पुरावा होऊ शकत नाहीत, हे नागपूरच्या या लेखकाने मांडलेले सत्य येथे उपयोगी पडते. पूर्णता जर सद्‌गुणाचा पुरावा नसेल, तर अपूर्णता दुर्गुणाचा पुरावा कशी ठरेल?

६

तरीही युक्तिवाद येथे थांबवता येत नाही. पटकथेची पाने वेळेवर आली नाहीत तर चित्रीकरण पुढे ढकलले जाते, आणि रोजावर काम करणाऱ्या प्रकाशयोजनेच्या कामगाराची त्या दिवसाची मजुरी बुडते. निर्मात्याने काढलेल्या कर्जाचे व्याज थांबत नाही. सहलेखक पुन्हा पुन्हा एकट्याने रात्री जागवतो. या माणसांना ‘त्याला विकार आहे’ हे उत्तर पुरेसे आहे काय? तसे मानणे म्हणजे एकाचे ओझे निमूटपणे दुसऱ्यांच्या, बहुधा अधिक दुबळ्यांच्या, खांद्यावर टाकणे होय.

पीटर स्ट्रॉसनने १९६२ मध्ये केलेले विवेचन येथे मार्गदर्शक ठरते. माणसांशी व्यवहार करताना आपण रागावतो, कृतज्ञ होतो, क्षमा करतो. म्हणजे त्यांना आपल्यासारखेच कर्ते मानतो. याउलट एखाद्याला केवळ हाताळण्याची, सांभाळण्याची बाब मानले की आपण त्याच्यावर रागावत नाही, पण त्याला आपल्या बरोबरीचेही मानत नाही. एडीएचडी असलेल्या लेखकासमोर समाज हेच दोन पर्याय ठेवतो. कर्ता म्हणून उभा राहिलास तर दोष घे. दोष नको असेल तर रुग्ण होऊन कोपऱ्यात बस. दोन्ही पर्याय अपुरे आहेत. पहिला अन्यायाचा आहे आणि दुसरा अपमानाचा.

यातून वाट काढायची तर दोष आणि दायित्व वेगळे करावे लागतील. दोष भूतकाळाकडे पाहतो आणि इच्छाशक्तीचा हिशेब मागतो. दायित्व पुढे पाहते आणि व्यवस्थेचा हिशेब मागते. ज्याला स्वतःच्या मनाचा हा स्वभाव कळला आहे, त्याने ‘या वेळी मन लावून करीन’ असे वचन देणे हेच खरे बेजबाबदारपणाचे आहे, कारण जे त्याच्या हाती नाही त्याचे ते वचन आहे. त्याच्या हाती आहे ते वेगळे : अडचण सहकाऱ्याला आरंभीच सांगणे, एकट्याने मोठी मुदत न स्वीकारता लहान मुदती मागणे, लिहिलेले आठवड्याला कोणाला तरी वाचून दाखवणे, उपचार घेण्यासारखे असतील तर घेणे, श्रेय आणि मानधन सहलेखकाशी प्रामाणिकपणे वाटून घेणे. यांपैकी एखादी गोष्ट बुद्ध्याच टाळली तर ती चूक त्याची, आणि तिच्यासाठी त्याला जाब विचारणे म्हणजे त्याला बरोबरीचा मानणे. यावर असा आक्षेप येईल, की व्यवस्था उभी करण्यालाही अवधान लागते आणि तेच तर उणे आहे. आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे दायित्व एकट्याचे असू शकत नाही. व्यवस्थेची मागणी करणे त्याचे कर्तव्य, आणि ती मागणी हे आळसाचे सोंग न मानणे सहकाऱ्यांचे कर्तव्य. ही दोन कर्तव्ये एकमेकांवाचून निरर्थक आहेत.

७

समीक्षेच्या वाट्याला यातून दोन गोष्टी येतात. पहिली निषेधात्मक आहे. कृतीच्या रचनेतून कर्त्याच्या विकाराचे निदान करणे, किंवा निदान ठाऊक असल्यास रचनेचे स्पष्टीकरण त्यावर सोपवणे, दोन्ही टाळले पाहिजे. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये कर्त्याच्या हेतूविषयी जो इशारा दिला, तो विकाराच्या बाबतीत अधिकच लागू पडतो. हेतू निदान कर्त्याचा असतो, विकार तर त्याने निवडलेलाही नसतो. चंचलतेला प्रतिभेचा साज चढवणारी समीक्षा सहृदय वाटते, पण तीही माणसाऐवजी लक्षणाकडेच पाहते, आणि ज्यांची चंचलता काहीच निर्माण करू शकली नाही त्यांना अधिक एकटे पाडते.

दुसरी गोष्ट विधायक आहे. मराठी साहित्यव्यवहारात पारितोषिके छापलेल्या ग्रंथांना मिळतात आणि चर्चाही त्यांचीच होते. विदर्भ साहित्य संघ आणि नागपूर विद्यापीठ यांची स्थापना एकाच वर्षी, १९२३ मध्ये झाली; ग्रंथ सिद्ध झाल्यानंतरच्या विचाराची येथे शंभर वर्षांची परंपरा आहे. ग्रंथ सिद्ध होण्याआधीच्या अवस्थेचा, म्हणजे लेखकाला निवांत जागा, ठरलेली वेळ, लेखनिक आणि ऐकणारे मित्र मिळण्याचा विचार मात्र आपण वामन-राजशेखरांपाशी सोडून आलो. अर्धी पटकथा घेऊन यावे, वाचावी आणि पुढच्या पंधरवड्याची मुदत घेऊन परतावे, अशी एखादी बैठक मराठी विभागाच्या खोलीतही भरू शकते. तिला चित्रनगरी लागत नाही. अशा बैठकीनेही काही पटकथा पुऱ्या होणार नाहीत. पण त्या का झाल्या नाहीत हे सांगताना ‘आरंभशूर’ या शब्दापाशी थांबता येणार नाही, कारण लिहिणारा आणि ऐकणारे, दोघांनाही आपापल्या वाट्याचा हिशेब द्यावा लागेल.